सोळा पोरं, अकरा दाखले

आक्षेप नोंदवायची फी पाचशे रुपये होती. समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने पाचशेची नोट आणि दोन झेरॉक्स आयोजकांच्या टेबलावर ठेवल्या. एक झेरॉक्स आमच्या स्ट्रायकरच्या आधार कार्डाची, दुसरी त्याच्या जुन्या शाळेच्या दाखल्याची. आधारवर १ जानेवारी, दाखल्यावर १ जुलै, आणि साल दोन्हीकडे वेगळं. आधारप्रमाणे पोरगा अजून पंधराच्या आत, दाखल्याप्रमाणे सोळाच्या पुढे. स्पर्धा पंधरा वर्षांखालच्या मुलांची.

"काका, खरं काय आहे?" आयोजकांनी विचारलं.

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. काही लपवायचं होतं असं नाही, मला खरंच माहीत नव्हतं. महिनाभर तो पोरगा आमच्यासाठी धावत होता आणि त्याचं वय मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. आज मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, माहीत नव्हतं हे पुरतं खरं नाही. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

हे लिहायचं कारण एवढंच, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगावी, कॉलनीकॉलनीत अशी पोरांची पथकं आहेत आणि त्यांच्यामागे माझ्यासारखा एखादा काका आहे. त्याने माझी चूक पुन्हा करू नये. संघाचं नाव लिहीत नाही, मुलांचंही नाही. पोरं अजून लहान आहेत आणि चूक त्यांची नव्हती.

हजेरीबाबूला कळायला हवं होतं

मी एकतीस वर्षं कोळसा खाणीत हजेरीबाबू होतो. माणूस कामाला लागला की त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि वय बी फॉर्मच्या रजिस्टरात चढायचं. वय बहुतेक वेळा अंदाजानेच. साहेब विचारायचा, "किती वर्षांचा?" माणूस म्हणायचा, "असेन पंचवीस-तीस." साहेब अठ्ठावीस लिहायचा. मग तीस-बत्तीस वर्षांनी, निवृत्तीची साठी जवळ आली की त्याच अठ्ठावीसवरून भांडणं सुरू व्हायची. कोणाचा धाकटा भाऊ त्याच्या आधी निवृत्त झाला, कोणाच्या पोराचं आणि बापाचं वय कागदावर बारा वर्षांच्या फरकाने निघालं. म्हातारी माणसं वयाच्या तपासणीसाठी मेडिकल बोर्डासमोर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. कागदावरची तारीख म्हणजे माणसाचं खरं वय नव्हे, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी फसलो.

इकडे फुटबॉल आला तो कोळसा, रेल्वे आणि कागद यांच्या मागोमाग. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ ची. खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झालं आणि कॉलन्या भरल्या. तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी, बंगाली कामगार आले, पोरांच्या पायात चेंडू आला. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबं वसवली गेली, त्यांनी तर हा खेळ सोबतच आणला होता. माझ्या तरुणपणी दर रविवारी कॉलनीच्या मैदानावर दोन खाणींचा सामना व्हायचा आणि पहिल्या पाळीची माणसं तोंडावरचा कोळसा न धुता बघायला उभी राहायची.

मग भुयारी खाणी एकेक करून बंद पडल्या. खुल्या खाणीत यंत्रं आली, माणसं कमी लागू लागली. क्वार्टर रिकामे पडले. मैदान उरलं, गोलपोस्ट उरले, जाळी गेली.

आमचा आताचा संघ २०१७ चा. त्या साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले, भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम सरकारने केला. शाळांत चेंडू आले. बाकी ठिकाणी ते चेंडू फाटले आणि विषय संपला, आमच्याकडे पोरं मैदानावरून हटेनात. मी नुकताच निवृत्त झालो होतो. एका कंत्राटी क्रीडाशिक्षकाला धरलं, तो प्रशिक्षक झाला. चेंडू, पाणी, परवानगी, गाडीभाडं हे सगळं माझ्याकडे आलं. पोरं मला काका म्हणू लागली आणि मी स्वतःला संघ समजू लागलो. पहिली चूक तिथेच झाली.

नड

आक्षेप आला त्या वर्षीचा हंगाम सुरुवातीपासूनच फाटका होता. आठ संघांची साखळी स्पर्धा, प्रत्येकाला सात सामने. दसऱ्याच्या आसपास तीन चांगल्या पोरांच्या वडिलांच्या बदल्या झाल्या. ज्या दुकानदाराकडून दर वर्षी जर्सी मिळायच्या त्याने हात वर केले. मैदानावर दिवाळीचे स्टॉल लागले, सरावाला अर्धंच मैदान उरलं. संध्याकाळचा सराव आधीच आखडला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये इथे लागोपाठ दोन दिवसांत वीज केंद्राच्या आवारात एक कामगार वाघाच्या आणि दुर्गापुरात सोळा वर्षांचा एक मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेला. तेव्हापासून अंधार पडायच्या आत पोरं घरात, असा आयांचा हुकूम आहे, आणि तो बरोबरच आहे. हिवाळ्यात पावणेसहालाच दिसेनासं होतं. शाळा सुटून पोरं येईपर्यंत चाळीस मिनिटं हातात राहतात.

पहिला सामना आम्ही ०-४ ने हरलो. परतताना गाडीत कोणी बोललं नाही.

त्याच आठवड्यात तो आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका टोल्यावरचा. इथे मामाकडे राहायला आला होता, मामाच्या पंक्चरच्या दुकानात हात लावायचा. मैदानाच्या कडेला उभा होता. चेंडू त्याच्याकडे गेला तर त्याने अनवाणी पायाने तो असा परत मारला, की आमच्या गोलकीपरने हात काढून घेतले. प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी प्रशिक्षकाकडे पाहिलं.

त्याला मिसरूड फुटलेलं होतं. मी पाहिलं, प्रशिक्षकाने पाहिलं, सगळ्या पालकांनी पाहिलं. मी मनाशी म्हणालो, रानातलं पोरगं आहे, काटक आहे, अंगाने लवकर वाढलं असेल. आदिवासी पोरांबद्दल आपण असं फार सहज बोलतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच पोरं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली, तेव्हाही लोक म्हणाले, 'काटक असतात.' त्यांची टप्प्याटप्प्याने निवड झाली, महिनोन्‌महिने प्रशिक्षण झालं, हे कोणी बोलत नाही. काटकपणाच्या नावाखाली मोठ्यांचं काम टाळता येतं. मीही टाळलं.

"आधार आणजो उद्या," मी त्याला म्हणालो. त्याने आणलं. जन्मतारीख १ जानेवारी, आणि साल बरोबर आमच्या गटात बसणारं. १ जानेवारी पाहूनच हजेरीबाबूच्या कानात घंटा वाजायला हवी होती. ज्याची खरी तारीख सांगता येत नाही, फक्त साल सांगितलं जातं, त्याच्या आधारवर १ जानेवारी येते. जुन्या शाळांच्या रजिस्टरात तशीच १ जून किंवा १ जुलै भेटते, मास्तरांनी टाकलेली. मी झेरॉक्स घडी करून खिशात घातली.

पुढच्या तीन सामन्यांत आम्ही दोन जिंकले, एक बरोबरीत सोडवला. सात गोल त्याचे. कॉलनीतल्या रिटायर मंडळींनी पुन्हा खुर्च्या मैदानात आणल्या. चहावाला उधारी विसरला. चौथ्या सामन्यानंतर ती पाचशेची नोट टेबलावर आली.

एका दिवसात दोन धक्के

निर्णय लेखी मिळाला. मुलगा खेळलेले तिन्ही सामने ०-३ ने हरल्याचे धरले जातील. मुलगा या हंगामात बाद. उरलेल्या सर्व खेळाडूंचे जन्मदाखले आठ दिवसांत तपासून द्यायचे. ज्याचा दाखला नाही तो खेळणार नाही. मुदतीत कागद आले नाहीत तर संघ स्पर्धेबाहेर.

चार सामने, शून्य गुण. निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही.

दुसरा धक्का त्याच रात्री घरी बसला. आठ दिवस धावपळ करायची तर पैसे लागणार. मला आठवलं, पावसाळ्यात एका भल्या व्यापाऱ्याने संघाच्या नावाने पंचवीस हजारांचा धनादेश दिला होता. संघाच्या नावाने बँकेत खातं नव्हतं, कारण संघाची कुठेच नोंदणी नव्हती. 'करू सावकाश' म्हणून तो धनादेश मी कपाटात साडीच्या खोक्यात ठेवला होता. काढून पाहिला. धनादेशाची मुदत तीन महिने असते. ती संपून पंधरा दिवस झाले होते.

तिसरी गोष्ट धक्का नव्हती, शिक्षा होती. कॉलनीत कुजबुज सुरू झाली, 'काकांनी पोरगं पैसे देऊन आणलं.' मी एक पैसा दिला नव्हता. पण दाखवू कसं? जमाखर्च माझ्या डायरीत. माझी पेन्शन, पोरांची वर्गणी, गाडीचं डिझेल, सगळं एकाच पानावर. मधल्या दोन महिन्यांत तर काहीच लिहिलेलं नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी चोख लिहिणाऱ्या माणसाचा स्वतःचा हिशेब कोरा होता.

आठ दिवस

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालकांना बोलावलं. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, डायरी समोर ठेवली आणि म्हणालो, "चूक माझी आहे. संघ बंद करायचा असेल तर सांगा."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्या लेफ्ट बॅकची आई उठली. ती आशा वर्कर आहे. म्हणाली, "काका, बंद कायले करता? दाखले काढनं माझं रोजचं काम हाये. लिस्ट द्या."

लिस्टच नव्हती. तिने तिथेच वही फाडून लिस्ट केली. सोळा मुलं. प्रत्येकासमोर चार रकाने: जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, पालकाची सही. रात्री दहापर्यंत घरोघर फिरून तिने चित्र समोर ठेवलं. अकरांचे कागद एकमेकांशी जुळत होते. तिघांच्या नावात किंवा आडनावात फरक होता. एकाचा जन्म कुठेच नोंदलेला नव्हता. आणि सोळावा तो.

तिघांचं काम मुख्याध्यापकांची पत्रं आणि पालकांची प्रतिज्ञापत्रं यांनी पाच दिवसांत झालं. ज्याची नोंदच नव्हती त्याचं आठ दिवसांत होणार नव्हतं. कायद्याप्रमाणे जन्म एकवीस दिवसांत कळवायचा असतो. वर्ष उलटून गेलं की उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, चौकशी होते. त्या पोराने उरलेला हंगाम पाण्याचा कॅन वाहिला. तक्रार केली नाही, म्हणून जास्त लागलं.

मुदत संपायच्या आधीच पाचवा सामना आला. तेव्हा हातात अकराच मुलं. त्यातलं एक तापाने फणफणलेलं आणि एक सिंदेवाहीकडे आजोळी धान कापायला गेलेलं. उरली नऊ. फुटबॉलच्या नियमात एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असले तर सामना सुरूच होत नाही. नऊ म्हणजे चालतं. प्रशिक्षकाने पोरांना विचारलं, "खेळायचं?" कर्णधार म्हणाला, "आलोच आहोत तं खेळूनच जाऊ."

०-२ ने हरलो. सामना संपल्यावर समोरच्या बाकावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ज्याने आमच्यावर आक्षेप घेतला होता तो प्रशिक्षक त्या दिवशी प्रेक्षकांत होता, तो जवळ आला. मला वाटलं, डिवचायला आला. तो म्हणाला, "काका, माझी बी हेच गत झाली होती. तवापासून मी पहिल्या दिवशी फाईल बनवतो." त्याने मोबाइलवर त्याच्या फाईलचा नमुना मला पाठवला. आज आमची फाईल त्याच नमुन्याची आहे.

सहाव्या सामन्याला चौदा मुलं होती, १-१ बरोबरी. सातवा सामना २-१ ने जिंकलो. चार गुण, आठ संघांत सातवा क्रमांक. कपाटात ठेवायला काही मिळालं नाही. हंगाम मात्र पुरा झाला, आणि पुढच्या वर्षीचा प्रवेश राहिला.

'मले कोनी पुसलंच नाही'

निर्णय आला त्या दिवसापासून तो पोरगा मैदानावर आला नाही. मला जायला चार दिवस लागले. आधी कागदांचं काम होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तोंड नव्हतं.

मामाच्या दुकानात तो ट्यूब पाण्यात बुडवून छिद्र शोधत होता. मी शेजारी बसलो. विचारलं, "तुला माहीत होतं का रे, वय बसत नाही म्हणून?"

तो ट्यूबकडे बघतच म्हणाला, "मले कोनी पुसलंच नाही, काका. आधार आणजो म्हटलं, म्या आणलं."

आतून त्याची आई बाहेर आली, गावाकडून आली होती. मी तिला विचारलं, हा कधीचा? तिने साल सांगितलं नाही. ज्या पुरात त्यांचं धान वाहून गेलं त्या पुराच्या आधीचा, एवढं सांगितलं. मी मनात मोजलं. सतरा होत होते. आधार चूक, दाखलाही चूक. शाळेतली तारीख मास्तरांनी टाकलेली, आधारवरचं साल कॅम्पमध्ये कोणीतरी विचारून टाकलेलं. या सगळ्या अंदाजांत त्या घराने फसवणूक म्हणून काहीच केलं नव्हतं. पण कॉलनीत 'डुप्लिकेट' हे नाव पडलं त्याला, मला नाही.

माझ्या सगळ्या सांगण्यात ही एक गोष्ट लक्षात ठेवा. वयाची चूक मोठ्यांच्या हातून होते आणि शिक्का पोरावर बसतो.

आता दुसऱ्यांसाठी

वय आधी, चेंडू नंतर. नवा मुलगा आला की त्याला खेळवून पाहायच्या आधी त्याचा जन्मदाखला मागा. आधार पुरेसं धरू नका, शाळेचा दाखलाही एकटा पुरेसा नाही. तीन कागद शेजारी ठेवून तारखा जुळवा. १ जानेवारी, १ जून, १ जुलै दिसली की थांबा आणि घरी जाऊन आईशी बोला. साल आठवत नसेल तर पूर, लग्न, थोरल्या-धाकट्या भावंडांचं अंतर यावरून अंदाज निघतो. शंका उरली तर मोठ्या गटात खेळवा. मोठ्या गटात लहान मुलगा खेळला तर फार तर सामना हरतो.

अंगावरून वय ठरत नाही, हे जगभरच्या संघटनांना महागात पडून कळलं आहे. २००९ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापासून फिफाने मनगटाचा एमआरआय सुरू केला, कारण कागदावर विसंबता येईना. त्याआधी १९८८ मध्ये मेक्सिकोने वीस वर्षांखालच्या पात्रता स्पर्धेत जास्त वयाची मुलं उतरवल्याचं उघड झालं. गंमत म्हणजे त्यांच्या संघटनेनेच छापलेल्या वार्षिकात त्या मुलांच्या खऱ्या तारखा होत्या. दोन वर्षांची बंदी आली आणि त्यांचा मुख्य संघ १९९० च्या विश्वचषकाला मुकला. एवढा मोठा देश चार-पाच तारखांपायी घरी बसला, तिथे आपल्या कॉलनीच्या संघाचं काय?

नोंद नसलेल्या मुलाचं काम हंगामाआधी हाती घ्या. उशिराची जन्मनोंद हे आठवड्याचं काम नाही. ते उन्हाळ्यात सुरू करा. संघासाठी नसलं तरी त्या मुलाच्या पुढच्या आयुष्यासाठी लागणारच आहे. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पुढे वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे.

संघ एका माणसाच्या खिशात ठेवू नका. 'मी आहे ना' म्हणणारा माणूस मनाने कितीही चांगला असो, तो आजारी पडतो, विसरतो, चुकतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात माणसं एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. आपल्या राज्यात तिची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही करावी लागते. नोंदणी झाली म्हणजे संपलं नाही. दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचे, आणि पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. किती संस्था या एका अर्जापायी अडकून पडल्या आहेत, ते कुठल्याही वकिलाला विचारा.

नोंदणी असली की खातं निघतं, खातं असलं की धनादेश वटतो. आपल्या जिल्ह्यांत मोठे कारखाने आणि खाणी आहेत. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करायचे असतात, आणि खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. पण तो पैसा घ्यायचा तर संस्थेकडे आयकराच्या १२-ए आणि ८०-जी नोंदण्या आणि सीएसआर-१ नोंदणी हवी. आधी हे करा, मग साहेबाच्या केबिनमध्ये जा. नाहीतर माझ्यासारखे चहा पिऊन परत याल.

हिशेब भिंतीवर लावा. महिन्याला एक पान: आले किती, गेले किती, उरले किती. दोन माणसांच्या सह्या. आमच्याकडे आता हे पान पाण्याच्या टाकीजवळ चिकटवलेलं असतं. कोणी वाचत नाही, पण कुजबुज बंद झाली.

मुलं मोजून ठेवा. अकरांचा संघ अकरा मुलांवर चालत नाही. धानकापणी, दिवाळीचं आजोळ, परीक्षा, बदल्या, ताप हे दर वर्षी ठरलेलं आहे. किमान अठरा नावं ठेवा आणि कच्च्या पोरांनाही प्रत्येक सामन्यात थोडा वेळ उतरवा. एका मोठ्या पोरावर संघ टेकला की बाकीचे दहा बघे होतात. आमच्या तीन सामन्यांत तेच झालं होतं. तो गेल्यावर पोरं एकमेकांकडे चेंडू देऊ लागली.

ऊन आणि अंधार यांच्याशी भांडू नका. चंद्रपूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४६ च्या वर जातो. सराव पहाटे साडेपाचला, साडेसातला पोरं सावलीत. दर पंधरा मिनिटांनी पाणी, सोबत ओआरएस. हिवाळ्यात दिवस मावळायच्या आधी अर्धा तास मैदान रिकामं, आणि पोरं घोळक्याने घरी. झुडपांच्या कडेला गेलेला चेंडू कोणी एकट्याने आणायचा नाही. गोल हुकला तरी चालेल.

बाहेरगावी जाताना प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या आणि सोबत दोन मोठी माणसं न्या. मुक्काम असला तर मुलांना एकट्या माणसाच्या हवाली करू नका, मग तो माणूस तुम्ही स्वतः असलात तरी. हा नियम तुमच्यावर संशय म्हणून नाही, मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे.

आणि चूक झालीच तर पहिल्या दिवशी कबूल करा. दुसरा कागद शोधू नका, तारीख 'दुरुस्त' करून आणू नका. ती दुरुस्ती म्हणजे खोटा दस्तऐवज, आणि ते प्रकरण मैदानावर राहत नाही, पोलीस ठाण्यात जातं. निर्णय लेखी मागा, मुदत लिहून घ्या, पालकांना त्याच दिवशी सांगा. आणि सगळ्यात आधी त्या पोराच्या घरी जा. मी चार दिवस उशिरा गेलो.

कागदांचा सामना

नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यांच्या कामावर बेतलेला 'झुंड' २०२२ मध्ये आला. आमच्या पोरांनी तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मैदानावरच्या सामन्याबद्दलच बोलली. मी तो या प्रकरणानंतर पुन्हा पाहिला. उत्तरार्धात एक आदिवासी मुलगी आणि तिचा बाप ओळखीच्या एका कागदासाठी दारोदार फिरतात. पहिल्या वेळी ते मला लांबलेलं वाटलं होतं. आता वाटतं, आपल्या भागातला खरा सामना तोच आहे. पोरं धावायला तयार असतात, कागद तयार नसतात. ते तयार ठेवणं हे काकांचं काम.

गेल्या वर्षी आमची संस्था नोंदवली गेली. सात माणसांत चार आया आहेत. आशा वर्कर ताई सचिव. मी साधा सभासद, आणि खजिना माझ्याकडे नाही. ज्याची जन्मनोंद नव्हती त्याला आदेश मिळाला, दाखला निघाला, तो आता राइट विंगला खेळतो. आणि तो सोळावा कॉलनीच्या मोठ्यांच्या संघात खेळतो. रविवारी सकाळी येतो, धाकट्या पोरांच्या सरावात झेंडा घेऊन रेषेवर उभा राहतो. ऑफसाइड त्याच्या नजरेतून सुटत नाही.

दर हंगामाच्या पहिल्या दिवशी मी ओळीने प्रत्येक पोराला विचारतो, "जन्मतारीख काय?" आणि त्याने सांगितली की लगेच दुसरा प्रश्न: "कोणी लिहिली?" तुमच्याही मैदानावर हा दुसरा प्रश्न विचारा.